शेवटची खाच

धीरज गेल्यापासून त्याच्या विमानात सगळ्यात जास्त कोण बसलं असेल, तर त्याची आई. उडायला नव्हे, नुसतं बसायला. दर रविवारी जेवणं आटोपली की सुमित्राबाई ड्रायव्हरला गाडी काढायला लावायच्या आणि वर्ध्याहून आंजीच्या पुढे, त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या शेतात जायच्या. तिथे धीरजने परवानग्यांसाठी चपला झिजवून मुरुमाची धावपट्टी केली होती, कडेला टिनाचं शेड उभारलं होतं, आणि शेडात होतं ते चार माणसांचं, एका पंख्याचं पांढरं विमान. आंजीचे लोक त्याला धीरजभाऊची चिमणी म्हणायचे.

आकाशात त्या पोराच्या अंगाला कधी ओरखडा आला नाही. दोन वर्षांपूर्वी नाचणगावच्या वळणावर मोटरसायकल घसरली आणि तो तिथेच संपला. बायका समजूत घालायला आल्या तेव्हा म्हणाल्या, बरं झालं बाई, विमान तरी वाचलं. असल्या समजुतीपेक्षा लोकांनी गप्प बसावं.

सुमित्राबाई विमानात उजवीकडे बसत. डावी सीट धीरजची. ती सीट दोन पट्ट्यांवर मागेपुढे सरकायची. पट्टीला खाचा होत्या, आणि पाहिजे त्या खाचेत खिट्टी अडकली की सीट पक्की. धीरज सहा फुटी. त्याची सीट कायम शेवटच्या खाचेत.

आता ती तिथे राहायला नको होती. कारण मेकॅनिक कैलास दर शनिवारी येऊन इंजिन चालवून जायचा. बसून राहिलं तर इंजिन आतून गंजतं म्हणे. कैलास जेमतेम पाच फूट. त्याला सीट पार पुढे ओढल्याशिवाय पाय टेकत नसत. पण रविवारी सुमित्राबाई दार उघडत तेव्हा सीट मागे गेलेली असायची. शेवटच्या खाचेत.

त्यांनी एकदाच विचारलं, "कैलास, जाताना सीट कुठं ठेवतोस तू?"

"पुढंच राह्यते काकू, जिथं माह्ये पाय पुरते तिथं." त्याने त्यांच्याकडे एक चमत्कारिक नजर टाकली आणि हत्यारं पेटीत भरू लागला.

मग एका शनिवारी कैलास निघता निघता त्या मुद्दाम पोचल्या. सीट पुढे होती, डोळ्यांनी पाहिली. शेडाला मागचं दार नाही. त्या पुढच्या दारात सतरंजी टाकून, विमानाकडे पाठ करून बसल्या. कपाशीच्या पऱ्हाटीवरून वारा येत होता, टिन तापून कडकड वाजत होतं, बाकी कसलाही आवाज नाही. तासाभराने उठून पाहिलं तर सीट मागे. भ्यायला हवं होतं, पण भीती वाटली नाही, उलट ऊर भरून आला. माझं लेकरू येतं. कुठे नाही तर इथे तरी येतं.

हे कोणाला सांगणार? नवऱ्याने, प्रभाकररावांनी, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. सुमित्राबाईंनी गुपित पोटात ठेवलं आणि दर रविवारी त्या रिकाम्या सीटला घरच्या बातम्या सांगू लागल्या. कपाशीचं कसं आहे, रक्षा किती वाळली, बाबांची शुगर.

आणि अशात एक दिवस रक्षानेच विषय काढला. रक्षा म्हणजे धीरजची बायको. आता जिनिंग तीच सांभाळायची. नागपूरकडच्या एका फ्लाइंग क्लबला शिकाऊ पोरांसाठी विमान भाड्याने पाहिजे होतं. कागदपत्रं बदलायचं, विम्याचं, सगळं क्लब पाहणार होता.

प्रभाकररावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "लोकाच्या पोरायच्या हाती आपली वस्तू द्याची? उद्या काही झालं त नाव आपलं येईन."

"आनि उभं ठेवलं त दोन वर्षांत भंगार होईन, बाबा. त्यायनं ते उडवाले घेतलं होतं. हार घालून ठेवाले नाई."

"नाई म्हन्जे नाई," सुमित्राबाई म्हणाल्या.

"काऊन पन, आई?"

का नाही, याला उत्तर होतं, पण ते जिभेवर आणता येत नव्हतं. मग रक्षाच म्हणाली, "मले ते तसं उभं पाह्यवत नाई, आई. त्यायचंच काहीतरी राह्यलं आहे जिवंत, अन् तेही आपन मारून राह्यलो."

प्रभाकररावांनी सह्या केल्या. सुमित्राबाई देवघरात जाऊन बसल्या आणि देवाशीही बोलल्या नाहीत.

क्लबने आधी विमान तपासून उडवून पाहायला वर्षाली नावाची पायलट पाठवली. हिंगणघाटची, तेवीस-चोवीसची, लांब वेणीची, हसरी आणि अंगाने एवढीशी. क्लबच्या माणसाने आणि कैलासने सकाळभर इंजिन, पंखा, चाकं पाहिली. मग वर्षाली डाव्या दाराने चढली, सीटखालची खिट्टी उचलली आणि सीट खर्रकन पुढे ओढली. आपल्या ताटातलं कोणी उचलून नेल्यासारखं सुमित्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

पोरीने सीटला दोनदा गचका दिला. हलली नाही. मग तिने दारातून डोकं बाहेर काढलं. "काका, काकू, एक विचारू? कागदावर सगळं ठीक आहे. पन विमानाची एखादी खोड असन ना, ते घरच्यायलेच माहीत राह्यते. आधीच सांगून द्या."

"काही खोड नाई," प्रभाकरराव म्हणाले. "माह्या पोरानं जिवापाड जपलं आहे."

"काकू? तुम्ही बसता म्हने यात."

"बसते," सुमित्राबाई म्हणाल्या. "काही नाई."

"सीटचा गचका कशाले देतेस?" रक्षाने सहज विचारलं.

"वयनी, विमान धावत सुटलं, नाक वर झालं, अन् तेवढ्यात सीट सुटून मागं गेली, त मानूस हातातल्या दांड्याले लोंबकळते. दांडा मागं आला का विमान उभंच होते. मंग काही हाती राह्यत नाई." हे तिने हसत हसत सांगितलं, दार लावलं आणि इंजिन सुरू केलं.

सीट मागे जाते. हे अख्ख्या जगात एकट्या सुमित्राबाईंना माहीत होतं.

पण ती काही अशी जात नाही, त्यांनी स्वतःला बजावलं. ती धीरज नेतो. तो कोणाचा जीव कशाला घेईल? आणि सांगितलं तर काय होईल? कैलास पाने-पक्कड घेऊन बसेल, सीट पक्की करेल, आणि रविवारी दार उघडलं की सीट पुढेच असेल, कोण्या परक्या पोरीच्या पायांच्या मापाची. पोराला एकदा पोचवून आले, आता पुन्हा स्वतःच्या हाताने पोचवू? विमान धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाशी चाललं होतं. काचेतून तिची वेणी दिसत होती. हिंगणघाटला हिचीही आई असेलच, या वेळी पोळ्या लाटत असेल.

सुमित्राबाई धावल्या. बासष्ट वर्षांची, गुडघ्यांनी कुरकुरणारी बाई, पण चप्पल कुठे पडली हेही कळलं नाही. धावपट्टीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर हातात धरून जोरजोरात हलवू लागल्या. मागून प्रभाकरराव ओरडत होते, "अवो, डोकं फिरलं का तुमचं?" पलीकडच्या टोकाशी वळून इकडे तोंड करून उभं राहिलेलं विमान गुरगुरलं, दोन हात पुढे आलं आणि थांबलं. पंखा फिरायचा बंद झाला.

"सीट सरकते, बाई," वर्षाली धावत आली तेव्हा त्यांना एवढंच म्हणता आलं. "मागं जाते. मले माहीत होतं."

कैलासने सीट काढून बॅटरी मारून पाहिलं. मग त्याने खिट्टी हातावर ठेवून दाखवली. तिचं टोक झिजून गोल झालं होतं, आणि पुढच्या खाचा घासून रुंदावल्या होत्या. हाताच्या गचक्याला धरत होती. विमान सुटल्याबरोबर निसटली असती.

वर्षालीने ती खिट्टी बोटाने चाचपून पाहिली. मग तिने सुमित्राबाईंचे पाय धरले.

कैलास मात्र त्यांच्याकडेच बघत होता. "काकू, सीट दर हप्त्याले मागं सारत होते ते तुम्हीच ना? मले वाटे, धीरजदादाची आठवन म्हनून करता. म्हनून बोललो नाई."

"नाई रे. मी हात नाई लावला कधी."

"मंग कोनं सारली?" तो चाचरला. "शेडातली जमीन सपाट आहे, काकू. उभ्या विमानात सीट आपोआप नाई जात. कोनं ढकलल्याबिगर जातच नाई."

रक्षाने सासूचा हात घट्ट धरला.

सुमित्राबाईंना आत्ता कुठे उमगलं. दोन वर्षं. एकही आठवडा न चुकता धीरज सीट मागे नेऊन दाखवत होता, आई, हे बघ, हे धरत नाही, कोणाला तरी सांग. आणि त्या शेजारी बसून त्याला कपाशीच्या बातम्या देत होत्या. तो बसायला येतच नव्हता.

नवी खिट्टी आली, नव्या पट्ट्या बसल्या. वर्षाली विमान घेऊन उडाली, बोर धरणावरून वळून परत आली, आणि तेव्हा प्रभाकरराव शेडाच्या मागे जाऊन रडले. त्यानंतर शिकाऊ पोरं आंजीच्या पट्टीवरच शिकायला येऊ लागली.

पुढच्या रविवारी सुमित्राबाई शेडात गेल्या. दार उघडलं. सीट पुढे होती. त्या दारात पाठ करून तासभर बसल्या आणि मग वळून पाहिलं. सीट पुढेच होती. त्यापुढच्या रविवारीही.

"आता नाई येनार ना तू?" त्यांनी विचारलं. टिन कडकडलं, तेवढंच.

मग त्यांनी वाकून खिट्टी उचलली आणि दोन्ही हातांनी सीट मागे रेटली, पार शेवटच्या खाचेपर्यंत. उजवीकडे जाऊन थोडा वेळ बसल्या. आज काही बातमी सांगितली नाही. उन्हं कलली तेव्हा उतरल्या, डाव्या बाजूला आल्या आणि सीट परत पुढे ओढून ठेवली, कारण सकाळी वर्षाली उडणार होती. खिट्टी टक्कन बसली. त्यांनी सीटला दोनदा गचका दिला, हलली नाही, आणि मग दार लावून घेतलं.