आनंदीबाईंची सोबत

आमच्याकडे रत्नागिरीत एकट्या बाईला घरात एकटी निजू देत नाहीत. घरचा पुरुष मुंबईला असो, आखातात असो की मातीआड गेलेला असो, दिवेलागणीला शेजारपाजारची कुणीतरी वळकटी घेऊन सोबतीला येतेच. सत्याऐंशी साली शमुवेल काविळीनं गेला, तेव्हा त्याच्या बायकोकडे, मैनाकडे, आनंदीबाई येऊ लागल्या.

आनंदीबाई म्हणजे दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. वय सदुसष्ट, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. तीस वर्षं वैधव्यात काढली, पण स्वतःसाठी कधी कुणाला सोबतीला बोलावलं नाही. त्यांचं सगळं बोलणं प्रभूशी. मासे साफ करता करता त्या त्याला बांगड्याचा भाव ऐकवायच्या. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं तर त्याची तक्रारही त्याच्याचकडे.

"तुमचा प्रभू कंटाळत कसा नाय?" शेजारची रझिया हसून विचारायची.

"कंटाळायला तो काय आपल्यासारखा हाय?"

मैनाला ते बोलणं सोसायचं नाही. शमुवेलच्या उशाशी गुडघे टेकून तिनं थोड्या का विनवण्या केल्या होत्या? तेव्हा हा प्रभू कुठे होता? तिनं चर्चला जाणंच सोडलं. अंधार पडला की छातीत धडधड सुरू व्हायची. आनंदीबाईंनी तिला एका शब्दानं उपदेश केला नाही, आणि त्यासाठी मैनाला त्यांचं फार मोठेपण वाटायचं.

दोन महिन्यांनी दापोलीहून निरोप आला. आनंदीबाईंच्या एकुलत्या एका भाचीचं पोटाचं ऑपरेशन होतं. शुक्रवारच्या एसटीनं त्या निघणार होत्या. मैनानं आपल्या भावाला, पालीच्या बाबूला, कळवून टाकलं की शनिवारी येऊन मला घेऊन जा. पालीला जायचं म्हणजे बालवाडीची नोकरी सुटली, बावीस पोरं सुटली, शमुवेलचं घरही सुटलं. पण रझिया आली तरी एखाददुसरी रात्र येणार, आणि त्यापुढं एकटीनं त्या घरात राहणं तिच्यानं होणार नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ती पाणी आणायला मागच्या पडवीत गेली, तर आनंदीबाई तिथं पायरीवर बसून बोलत होत्या.

"मला भीती वाटते रे. पोरीचं काय वाईट झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मैना जागच्या जागी थांबली. या बाईला भीती ठाऊकच नाही, असं ती आजवर धरून चालली होती. "तुम्हाला पण भीती वाटते?"

"वाटते तर. नसती वाटली तर त्याला एवढं धरून कशाला ठेवलं असतं?"

"मग तो काय करतो?"

"कधी करतो, कधी नाय करत. पण उठून जात नाय, बाय."

शनिवारी सकाळी बाबू आला. बघतो तर सामान बांधलेलंच नाही, आणि मैना न्हाऊन, केस विंचरून तयार.

"रात्री रझिया आली होती सोबतीला?"

"येत होती. मीच नको म्हटलं."

"भीती नाय वाटली?"

"वाटली की. रात्रभर वाटली. मग मी प्रभूशी भांडले. शमुवेलला नेलंस म्हणून नको नको ते बोलले."

बाबू पापभिरू माणूस. तो चरकलाच. "देवाला असं बोलतात काय गो?"

"तीच लाज वाटून दोन महिने तोंड मिटून होते. काल सगळं बोलले. शिव्यासुद्धा दिल्या, बाबू." तिचे डोळे भरून आले. "त्याला जायचंच असतं तर त्या शिव्या ऐकूनच उठून गेला असता."

शमुवेल गेल्यापासून ती पहिल्यांदाच भावासमोर मोकळेपणानं रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं बालवाडीची किल्ली घेतली.

"चहा ठेवलाय, तो घे," ती म्हणाली. "मी पालीला यायची नाय."