लग्नाची आणि पाटाची

"सिन्नरला हॉल घेऊ, ताई. बँड, भटजी, दोनशे पाहुणे, सगळं माझ्याकडे लागलं. साहेबांना फक्त दोन दिवस बोलावून घ्या. अल्बम असा करून देतो की वकिलातीतला अधिकारी अक्षता टाकायला उठेल!"

बोलणारा दिनेश. व्हिसाची कामं करून देणारा एजंट. कोर्टाच्या कुंपणाला लागून माझं टायपिंगचं टेबल आहे, आणि त्या टेबलाच्या ज्या कोपऱ्यावर दिनेश कोपर टेकतो तेवढं त्याचं ऑफिस.

समोर चांगुणा बसली होती. वय छत्तीस, नाशकातल्या मालेगाव स्टँडजवळच्या एका हॉस्पिटलात सिस्टर.

"दिनेशभाऊ, माझं लग्न झालंय," ती म्हणाली.

"झालंय हो. पण दिसत नाही ना!"

दुखणं तेच होतं. योहान नावाचा एक परदेशी मेकॅनिक दोन हंगाम द्राक्षांच्या शीतगृहाची यंत्रं बसवायला नाशकात होता. यंत्रात बोट सापडलं, चांगुणानं मलमपट्टी केली. जखम आठ दिवसांत भरली, पट्टी बदलायला तो दीड महिना येत होता. २००३च्या मार्चमध्ये दोघांनी निबंधकासमोर सह्या केल्या. साक्षीदार तीन, फोटो एक. मग तो त्याच्या थंड देशात परत गेला आणि तिनं नवऱ्याकडे जायच्या व्हिसाचा अर्ज केला.

आता वकिलातीचं पत्र आलं होतं. भारतातल्या लग्नाला शेकडो नातलग असतात. तुमच्या लग्नाला एकही का नाही? लग्न खरं असेल तर सहा आठवड्यांत खुलासा आणि घरच्यांचं प्रतिज्ञापत्र द्या, नाहीतर अर्ज फेटाळू. लिहिणारा आपल्याकडच्या बऱ्याच पंगती जेवलेला असावा.

"अहो, सगळे असंच करतात," दिनेश म्हणाला.

"खोट्या मांडवात खरा नवरा उभा करू? उद्या त्यानं विचारलं, ही दोनशे माणसं कोण, तर काय सांगू? दिनेशभाऊंचे पाहुणे?"

दिनेशनं कोपर उचललं आणि चहाला गेला.

पंचवीस वर्षं मी या टेबलावरून माणसांची मनातल्या मनात नोंद ठेवत आलोय. सांगताना कागदाकडे बघतो तो खोटं सांगतो. माझ्याकडे बघतो तो अर्धं खरं. चांगुणा माझ्या बोटांकडे बघून सांगत होती. मी काही गाळलं तर पकडायला.

मी गाळणारच होतो. म्हटलं, "सिस्टर, 'विधवा' शब्द नको. उगाच फाटे फुटतात. 'पुनर्विवाह' असं गोड लिहू."

"विधवाच लिहा, हिरामणभाऊ. पहिला नवरा चौऱ्याण्णव साली हायवेवर ट्रकखाली गेला, तेही लिहा. आमच्याकडे विधवेच्या लग्नाला कुणी वाजंत्री लावत नाही, म्हणून पाहुणे नाहीत. लाज त्यांची. सही माझी."

मी ठोकलं. "आणि घरच्यांचं प्रतिज्ञापत्र? भाऊ देतील?"

"भावांनी फोन ठेवून दिला. सासूबाई देतील."

"योहानच्या आई?"

"नाही. पहिल्या घरच्या. भागीबाई."

मी मनात नोंद केली: मेलेल्या मुलाची आई. येणार नाही. आली तर भांडायला येईल.

मंगळवारी चांदवडकडच्या एसटीनं भागीबाई आली. सत्तरीची, काटकुळी, कांदे निवडून निवडून बोटं तपकिरी झालेली. चांगुणानं तिला माझ्या स्टुलावर बसवलं आणि मी उभा राहिलो.

मी सावधपणे म्हणालो, "मावशी, सून परदेशी जाणार याचा राग असेल तर आत्ताच सांगा. स्टॅम्पपेपर वाया जातो."

"राग लय हाय," भागीबाई म्हणाली. "तुमच्यावर. कवाची बसलेय, पानी नाय इचारलं."

पाणी आलं, चहा आला. बशीत ओतून तिनं तो सावकाश संपवला.

"लिव्हा. माजं नाव भागीबाई. पयला नवरा मी आठराची आसताना गेला. मंग वरसानं दुसऱ्या घरी पाट लावला." त्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही; चांगुणानं सांगितलं, कारभारी.

"पाट कसा लागतो, तेही सांगा आत्या," चांगुणा म्हणाली. "वकिलातीतल्या साहेबाला माहीत नाही."

"आंधार पडल्याव. गोठ्यामागं. पाच मानसं. सवाष्नीनं रांडमुंडीचं तोंड बगू नाय म्हनून दिवा टोपलीखाली झाकलेला. ना वाजंत्री, ना फोटू. तरी चाळीस वरसं नांदले. येक पोरगा झाला, वाढवला, त्यो ट्रकखाली गेला. मालक गेले. मी हाये." तिनं माझ्या यंत्रावर बोट आपटलं. "आता त्या साह्यबाला इचारा, फोटू नाय म्हनून माजं लगीन खोटं का? नाय ना? मंग हिचं कसं खोटं?"

पुढं मजकूर तिनंच पुरवला. सून मला लेकीसारखी आहे, लग्नाआधी जावयाला घेऊन आली होती, तो खाली बसून माझ्या हातची भाकरी जेवला, ठसका लागला तरी ठेचा सोडला नाही. मी इंग्रजी करत गेलो. 'पाट'ला इंग्रजीत शब्द सापडेना. तसाच ठोकला आणि पुढं अर्थ दिला.

"काय काय लिव्हलं, वाचा."

"मी, भागीबाई, कारभारी यांची लग्नाची बायको, शपथेवर सांगते की..."

"थांबा. काय म्हनला? लग्नाची?"

"लग्नाचीच. कायद्यात दुसरा शब्द नाही."

तिनं यंत्रातल्या कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "गावात मला पाटाची म्हनत्यात. आजूनबी. हळदीकुंकवाला नाय, ववाळायला नाय. पान्याला हांडा पुढं ठिवला तरी 'पाटाची मागं'." बोट तसंच ठेवून, "पुन्ना वाचा."

मी ते वाक्य मराठीत वाचलं, मग इंग्रजीत. इंग्रजीला ती जास्त जोरात मान हलवत होती.

मी शाईचं पॅड पुढं केलं. चांगुणानं तिचा हात धरला. "आत्या, अंगठा द्यायच्या आधी विचार करा. व्हिसा आला तर मी खरंच जाईन. दर रविवारी येते, तेही बंद होईल. तुम्हाला दुसरं कुणी नाही."

"मंग काय, माज्यासाटी हितं बसून म्हातारी व्हनार? तुजं त्वांड बगायला साह्यबाला टोपली उचलाया लावलीय मी. आता तूच झाकतीस व्हय? सोड हात."

अंगठा तिनं असा दाबला की टेबल हललं.

माझी नोंद चुकली होती. पंचवीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही.

दिवाळीच्या आधी व्हिसा आला. चांगुणा पेढे देऊन गेली. दिनेशनं दोन घेतले. त्यानंतर तिच्याकडून एक कार्ड आलं, त्यावर सगळा बर्फच होता.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी भागीबाई एकटीच टेबलाशी उभी राहिली. मी आधी पाणी दिलं.

"त्या कागदाची नक्कल हाय का?"

कार्बनची प्रत मी ठेवतोच. काढून दिली. तिनं ती उलटी धरली, सुलटी धरली.

"ह्याच्याव माजा आंगठा नाय."

"नक्कल आहे, मावशी. अंगठा मूळ कागदावर गेला, परदेशी."

"द्या ती शाई."

तिनं पॅड स्वतःच ओढलं आणि नावाखाली अंगठा उठवला.

"कुणाला दाखवणार, मावशी? इंग्रजीत आहे. गावात कुणाला वाचता येणार नाही."

"मंग कुनाला खोडताबी येनार नाय."

कागदाची घडी करून तिनं पिशवीत ठेवली. अंगठा पुसायला मी फडकं पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. अंगठा लुगड्यापासून लांब, वर धरून ती भर उन्हात स्टँडकडे निघाली. हात दाखवतेय असं वाटून एक रिक्षावाला थांबला.

ती थांबली नाही.