मलईशेठची नजर

मित्रांनो, मी एक जुनी पाणघोडी आहे. कैरोतल्या एका प्राणिबागेत, फाटकातून आत शिरल्यावर उजव्या हाताला माझं तळं लागतं. मी मादी, पण या शहरात पाणघोडा दिसला की नर-मादी न बघता लोक त्याला 'सय्यद किश्ता' म्हणतात, म्हणजे मलईशेठ. मला ते आवडायचं. दुकान शेठचं असतं आणि बाकीचे नोकर असतात, एवढं मला कळत होतं.

मी याच तळ्यात जन्मले, तेव्हा शहातकाकांच्या मिशा काळ्या होत्या. माझे राखणदार ते. "तोंड उघडा, बाईसाहेब," असं म्हणायला त्यांनीच मला शिकवलं. म्हणजे म्हणायचं त्यांनी आणि उघडायचं मी. मग लोक बरसीमच्या हिरव्या चाऱ्याची जुडी किंवा रताळं माझ्या जबड्यात टाकत आणि खूश होऊन घरी जात. कोण खरंच देतो आणि कोण रिकामी मूठ दाखवून हसतो, हे माझ्या पक्कं ध्यानात राही. पाण्यात बाटल्या टाकणारे तर मी वासावरून ओळखते.

मग नवारा जिराफीण गाभण राहिली. तिला सावली हवी म्हणून कुंपण घालून माझ्या अंगणाचे दोन तुकडे झाले, आणि उंबराच्या जातीचं थोरलं झाड तिच्या वाटणीला गेलं. माझ्या वाट्याला राहिलं ऊन. तरी मी गप्प बसले. पण पिल्लू जन्मलं, आणि शहातकाका माझ्याकडे चारा टाकून लगेच वळायला लागले. नुसती काडीसारखी पायांची ती जोडणी, त्यावर डाग. नाव मिशमिश, म्हणजे जर्दाळू. पिल्लू धडपडलं तरी कौतुक, उभं राहिलं तरी कौतुक. मी आयुष्यभर चारही पायांवर उभी आहे, मला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

वसंताचा सण आला. त्या दिवशी अख्खं शहर रंगवलेली अंडी, कांदे आणि खारवलेली मासळी घेऊन बागेत येऊन बसतं. लोक माझ्याच कठड्यावर चढले, माझ्याकडे पाठ करून, पिल्लू बघायला. एका गृहस्थांची मासळीची पुरचुंडी निसटून माझ्या तळ्यात पडली. ते मागे वळले, ते पुरचुंडीकडे बघायला. पुढे कितीतरी दिवस तळ्याला तो वास होता.

त्या गर्दीत एका बाईने पिल्लाच्या पापण्यांचं तोंड भरून कौतुक केलं आणि दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते 'माशाअल्ला' म्हणायची विसरली. शहातकाकांचा चेहरा उतरला. संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची बायको उम्म सबरी धुपाटणं घेऊन हजर. नवाराला आत कोंडून तिने पिल्लाला धुराने न्हाऊ घातलं. मग कागदाची बाहुली कापली आणि ज्यांची नजर लागली असेल त्यांचं एकेक नाव घेत तिला सुईने टोचायला लागली.

"ही पापण्यावालीच्या डोळ्यात. ही सिंहांच्या राखणदाराच्या डोळ्यात, त्याच्याकडे यंदा काही जन्मलं नाही, तो जळणारच. ही माझ्या जावेच्या डोळ्यात."

शहातकाका म्हणाले, "तुझी जाऊ इथे कधी आली?"

"यायला कशाला लागतं? तिचा डोळा घरबसल्या पोचतो."

बाहुली जाळली. मी कान पाण्याबाहेर ठेवून सगळी नावं ऐकली. मित्रांनो, माझं नाव त्यांत नव्हतं. बागेत सगळ्यात जास्त जळत होती ती मी, आणि तिथेही मला कोणी मोजलं नाही.

नवाराला बाहेर सोडलं. ती पिल्लाजवळ आली, हुंगलं, आणि पाय झाडून त्याला दूर केलं. पिल्लू पुन्हा दुधाला गेलं, तिने पुन्हा झाडलं. उम्म सबरी म्हणाली, नजर जबर आहे. आणि तिने आणखी धूप घातला. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरीणबाई नर्मीन बाटली घेऊन आल्या; पिल्लाने बाटलीही तोंडात धरली नाही. त्याचे पाय वाकायला लागले. शहातकाका पिल्लाजवळ कुंपणाशी बसून राहिले, माझा चारा तसाच गाडीवर.

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात आलं, हे गेलं तर काका परत माझे होतील. झाडही मिळेल. मग काकांनी डोळे पुसले, आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी रागच आला. मी आजारी पडले होते तेव्हा हे रडले होते का? मी कुंपणाकडे पाठ केली. आम्हा पाणघोड्यांची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल: शेपटी पंख्यासारखी फिरवून आम्ही शेण उडवतो. मी ते मन लावून केलं.

पिल्लू डोक्यापासून खुरांपर्यंत माखलं. डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावरही थोडं गेलं.

काकांनी मला जी नावं ठेवली ती मुलांच्या पुस्तकात येत नाहीत. मग नळी लावून पिल्लाला धुतलं. शेण गेलं आणि ओल्या केसांतून धुपाचा भपकारा आला. डॉक्टरीणबाईंनी वाकून हुंगलं. म्हणाल्या, "शहातकाका, हे जिराफाचं पिल्लू आहे की अत्तरवाल्याचं? आईने याला ओळखायचं कसं?"

पुन्हा खसखसून धुतलं, आणि नवाराच्या अंगाखालचं गवत पिल्लाला चोळलं. नवारा आली. बराच वेळ हुंगत राहिली. मग तिने मागचा पाय जरा बाजूला घेतला, आणि पिल्लू दुधाला लागलं.

उम्म सबरी म्हणाली, "बघा, उतरली की नाही नजर?"

"उतरली," काका म्हणाले. "पण तू एक नाव विसरली होतीस."

ते चाऱ्याची गाडी ढकलत माझ्या कठड्याशी आले आणि तोंड माझ्याकडे करून बसले. "काय बाईसाहेब, एवढी जळत होतीस? सांगायचं ना मला." मग पांढऱ्या मिशांतून हसले. "सांगितलंस म्हणा."

तेव्हापासून काका सकाळी आधी माझ्याकडे येतात, मग पिल्लाकडे. माया म्हणून की शेपटीच्या धाकाने, हे मी विचारत नाही. बरसीम दोन्हींची सारखीच लागते.

मित्रांनो, नवं पिल्लू बघायला जरूर या. गोड आहे, मेलं. पण बाटल्या आणि पुरचुंड्या आपल्याजवळ ठेवा, आणि माझ्या कठड्यावर बसलात तर एकदा मागे वळून या म्हातारीलाही दोन शब्द बोला. झाड अजून तिकडेच आहे, माझ्याकडे ऊन आहे, आणि शेपटी अगदी ठणठणीत आहे.