निनावी तक्रारीवरचा शिक्का

कंपनीचं नाव सांगत नाही. आचारसंहितेचं नववं कलम आहे, खासगी लिखाणात कंपनीचं नाव घेऊ नये. माझं स्वतःचं नाव घ्यायला सध्या हरकत नाही. मध्यंतरी अकरा दिवस तीही सोय नव्हती, त्या अकरा दिवसांची ही हकिकत.

मी केमुरियामा. म्हणजे धुराचा डोंगर. नागोयात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात सहीऐवजी मारायचे आडनावांचे तयार शिक्के फिरत्या स्टँडवर लावलेले असतात. सातो, तानाका, सुझुकी, हवे तितके घ्या. केमुरियामा कुठेच मिळत नाही. मला नोकरी लागली तेव्हा आईने तो मुद्दाम कोरून घेतला आणि म्हणाली, जपून वापर, असा दुसरा नाही. आमच्या कंपनीत चार हजार माणसं आहेत. त्यांत सातो साठ, केमुरियामा एक. आईचं वाक्य तेव्हा मला कौतुकाचं वाटलं होतं.

कंपनी लिफ्ट बनवते. नवव्या मजल्यावर बसून मी लिफ्टच्या ब्रेकच्या स्प्रिंगांचे तपासणी अहवाल फाइलला लावायचो. प्रत्येक अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनांची एक ओळ असते. सर्वांत डावीकडे मोठ्या साहेबांचा चौकोन, मग उतरत्या क्रमाने सगळे, शेवटचा माझा. शिक्का सरळ मारायचा नसतो. तो डावीकडे थोडा कलता मारायचा, म्हणजे आपलं नाव साहेबांच्या नावापुढे वाकलेलं दिसतं. किती वाकायचं ते हुद्द्यावर. विभागप्रमुख उशिरोदा साहेबांचा शिक्का नुसती मान तुकवतो, उपप्रमुख हाशिगुची कमरेत वाकतात, आणि माझा शिक्का पाहून कुणीतरी त्याला हात देऊन उठवावं असं वाटतं.

हे मला मोगामी-सान यांनी शिकवलं. त्या आमच्या कचेरीत सव्वीस वर्षं आहेत आणि कुठला कागद कुठे जाऊन मरतो ते त्यांना पाठ आहे. शिक्का पार उलटाही मारता येतो, हेही त्यांनीच सांगितलं. त्याचा अर्थ, वाचलं, पण मला हे मान्य नाही. त्यांच्या पाहण्यात एकाच गृहस्थांनी तसा मारला होता. त्यांचं पुढे काय झालं, असं मी विचारलं.

"छान झालं," मोगामी-सान म्हणाल्या. "पार उत्तरेला, होक्काइदोला आपलं गोदाम आहे ना, तिथे असतात. एकटेच. हवा फार चांगली आहे म्हणे."

शरद ऋतूत एक दिवस फाइल लावताना माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांच्या सगळ्या अहवालांत आकडा एकच आहे, अगदी दशांशासकट. नियमाप्रमाणे प्रत्येक खेपेतली स्प्रिंग यंत्रावर एक लाख वेळा दाबून पाहायची असते. एक लाख वेळा दाबल्यावर सगळ्या स्प्रिंगा इतक्या एकमताने वागतात, याचं मला कौतुक वाटलं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात यंत्र बघायला गेलो. यंत्र होतं. त्याला वायरही होती. वायरीला प्लग नव्हता. यंत्राच्या दांड्यावर ओळीने छत्र्या टांगल्या होत्या आणि प्रत्येक छत्रीला मालकाच्या नावाची नीट चिठ्ठी लावलेली होती.

त्यानंतर मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. तपासणी विभागातलं कुणीही लिफ्टने जात नव्हतं. हाशिगुची साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी ते नऊ मजले चढून यायचे आणि पोचल्यावर पाच मिनिटं भिंतीला टेकून उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, तब्येतीसाठी.

आता, आचारसंहिता आम्ही रोज सकाळी उभं राहून मोठ्याने म्हणतो. कलमं त्रेचाळीस आहेत, रोज पाच. कलम एकतीस असं की, गैरप्रकार दिसूनही जो कळवत नाही तोही दोषी. आणि बत्तीस असं की, कळवणाऱ्याचं नाव कोणत्याही परिस्थितीत गुप्त राहील. तिसऱ्या मजल्यावर चहाच्या बाटल्यांच्या मशीनशेजारी त्यासाठी पेटी आहे. तीन वर्षं रोज म्हणून म्हणून माझा त्या कलमांवर विश्वास बसला होता, ही माझी चूक. दुसरी चूक पुढे आहे.

मी काळजी फार घेतली. कागद दुसऱ्या वॉर्डातून आणला. हातमोजे घातले. मी नागोयाचा, म्हणून मुद्दाम ओसाका वळणाची वाक्यं लिहिली, मध्ये एक विनोदही टाकला. यंत्र, प्लग, छत्र्या, आकडा, सगळं मांडलं. पाकीट पेटीत टाकलं आणि हलक्या मनाने जागेवर आलो. मग रोजच्या अहवालावर मारायला शिक्का काढला, तर तो आधीच ओला होता.

मी आठवून पाहिलं. पत्र संपलं होतं, खाली जागा मोकळी होती आणि ते पत्र उघडंवाघडं दिसत होतं. हाताने आपलं काम केलं होतं. निनावी तक्रारीच्या खाली लालभडक केमुरियामा. आणि तोही डावीकडे वाकलेला.

पेटी सोमवारी तिघांच्या देखत उघडतात. सोमवारी काहीच झालं नाही. उलट हाशिगुची साहेबांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

मंगळवारी सकाळी हजेरी झाली. उशिरोदा साहेब यादी वाचत होते. किजिमा. हजर. कुवाना. हजर. मग त्यांनी एक श्वास घेतला, बरोबर एका नावाएवढा, आणि पुढचं नाव वाचलं, कोदेरा. कोदेरा हजर म्हणाला. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी माझ्या टेबलावरची नावाची पाटी गेली. फ्रीजमधल्या माझ्या बाटलीवरचं नाव खरवडलेलं होतं. फोनच्या यादीत माझ्या ओळीवर काळी पट्टी आली.

मी मोगामी-सानना फाइलींच्या खोलीत गाठलं. त्यांनी आधी दार लावलं.

"तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त आहे," त्या म्हणाल्या. "ते कंपनीत कुणी उच्चारायचं नाही, लिहायचं नाही, कुठे दिसू द्यायचं नाही. कलम बत्तीस. वरून सक्त ताकीद आली आहे."

"आणि माझं नाव?"

"त्याबद्दल मला काही माहिती नाही. असती तरी नसती."

"म्हणजे मला शिक्षा चालली आहे."

"छे, छे. तुमचं संरक्षण चाललं आहे. शिक्षा असती तर कागद आला असता."

यात खोट काढायला जागा नव्हती. चार हजार माणसं माझं नाव जिवापाड जपत होती. शुक्रवारी माझ्या ओळखपत्रावर काळी पट्टी चिकटवून मिळाली, आणि नाव नसलेल्या ओळखपत्राला फाटक उघडेना. फाटकावरचे वृद्ध रखवालदार तीन वर्षं मला रोज नावाने नमस्कार करत आले होते. त्यांनी मला पाहुण्यांचा फॉर्म दिला. मी नावाच्या रकान्यात लिहायला लागलो तसा त्यांनी रकान्यावर पंजा ठेवला.

"ते नका लिहू," ते हळूच म्हणाले. "माझी दोन वर्षं राहिलीत."

मग पुढचा रकाना, भेट कुणाशी. मी सातो लिहिलं. त्यांनी कोणते सातो हेदेखील विचारलं नाही. पाहुण्यांना नवव्या मजल्यावर नेमून दिलेलं टेबल नसतं, म्हणून पुढच्या आठवड्यापासून मी तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांच्या सोफ्यावर बसायला लागलो, तक्रारपेटीच्या बरोबर समोर. येणारेजाणारे मला वाकून नमस्कार करत. सातो लवकरच येतील, असं सांगत. एकदा एक सातो खरंच आला आणि आम्ही दोघं बराच वेळ हवेबद्दल बोललो.

बुधवारी आईने कचेरीत फोन केला. तिला माझा मोबाइल लागला नव्हता, आजोबांच्या श्राद्धाची तारीख विचारायची होती. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, दिवा न लावता. तिने केमुरियामाला द्या म्हणून सांगितलं होतं. पलीकडच्या मुलीने फार नम्रपणे उत्तर दिलं होतं, या नावाची कोणी व्यक्ती इथे आहे असं आम्हाला म्हणता येत नाही. आईने दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर आणि दोनदा क्षमा.

"तू रोज सकाळी डबा घेऊन जातोस कुठे?" आईने विचारलं.

मी ऑफिसला असं म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या घराचा पत्ता चुकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी उशिरोदा साहेबांनी सोफ्यावरून बोलावून घेतलं. टेबलावर एक छापील अर्ज होता, तक्रार मागे घेण्याचा. साहेब माणूस मृदू आहेत. त्यांनी मला त्यातला नियम समजावून सांगितला. तक्रार मागे घेतली की तक्रारदार उरत नाही. तक्रारदार उरला नाही की गुप्त ठेवायला नाव उरत नाही. पाटी, टेबल, फोन, फाटक, सगळं आपोआप पूर्ववत. मी त्यांना विचारलं, आणि स्प्रिंगा?

"कसल्या स्प्रिंगा?" साहेब म्हणाले. "तक्रार गुप्त आहे. मी ती वाचलेली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "घरी आई एकटीच असते ना तुमची? उद्या दहा वाजता या. शिक्का आणा."

बाहेर मोगामी-सान चहाचा ट्रे घेऊन निघाल्या होत्या. ट्रेमधला एक रिकामा कप त्यांनी माझ्यासमोर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "ते होक्काइदोचे गृहस्थ मार्चमध्ये निवृत्त झाले. जागा रिकामी आहे." आणि गेल्या.

मी समजलो. अर्जावर शिक्का उलटा मारायचा. वाचलं, पण मान्य नाही. तसं झालं तर तक्रार जिवंत राहते, कुणाला तरी कधीतरी तळघरात उतरावं लागतं. मला होक्काइदोला जावं लागलं असतं, पण तिथे निदान हाका मारायला माणूसच नसतं, त्यामुळे नावाचं दुःख उरत नाही. संध्याकाळी मी घरी वर्तमानपत्रावर सराव केला. शिक्क्याच्या बाजूला एक खाच असते, ती वर असली की नाव सुलटं उमटतं. खाच खाली धरायची, एवढंच. मी ऐंशीएक वेळा मारला, सगळे उलटे. त्यातले काही तर डोळे मिटून. आई दारातून बघत होती. ती वर्तमानपत्राखाली दुसरं वर्तमानपत्र सरकवून गेली, ओट्याला लाल लागू नये म्हणून.

शुक्रवारी दहा वाजता ते तिघंही होते, उशिरोदा साहेब, हाशिगुची साहेब आणि कायदा विभागाचे एक गृहस्थ, ज्यांचं नाव मला सांगण्यात आलं नाही. अर्ज समोर होता. शाईची डबी उघडलेली होती. मी शिक्का काढला, खाच खाली घेतली, शाईवर टेकवला. मी कागदापासून बोटभर अंतरावर पोचलो, तेवढ्यात उशिरोदा साहेब उठून उभे राहिले आणि माझ्यापुढे वाकले.

"तुम्हाला फार तसदी दिली," ते म्हणाले.

साहेब वाकले की आपण त्यांच्याहून खाली वाकायचं असतं. यात विचार नसतो. मी वाकलो, मनगट फिरलं, आणि उठलो तेव्हा शिक्का उमटला होता. सुलटा, डावीकडे कलता, माझ्या हुद्द्याला शोभेल इतका.

"स्वच्छ उमटलाय," हाशिगुची साहेब म्हणाले.

सोमवारी हजेरीत कुवानानंतर श्वास आला नाही, केमुरियामा आलं. मी हजर म्हणालो ते इतक्या मोठ्याने की कोदेरा दचकला. पाटी परत आली होती, पुसून. आईला मी मुद्दाम कचेरीच्या फोनवर फोन करायला लावला. तिने माझं नाव घेतलं, पलीकडच्या मुलीने हो, आहेत म्हटलं आणि आई रडली. मोगामी-सान माझ्याशी नेहमीसारखंच वागल्या. फक्त त्यांनी मला पुन्हा काही शिकवलं नाही.

त्या सोमवारी आणखी एक झालं. सकाळी मी लिफ्टपाशी थांबलो, बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं. जिन्याचं दार ढकललं. मला वाटलं होतं जिन्यात तपासणी विभागाचे चारपाच जण असतील. जिना भरलेला होता. हिशेब विभाग, विक्री विभाग, कायद्यावाले गृहस्थ, स्वागतकक्षातल्या मुली चपला हातात घेऊन, आणि वर कुठेतरी, दोन मजले पुढे, खुद्द अध्यक्षांचं टक्कल. सगळे डावी बाजू धरून चढत होते. कुणी बोलत नव्हतं. कलम चौदा, सार्वजनिक जागी कंपनीच्या कामाबद्दल बोलू नये. मोगामी-सान दहा पायऱ्या पुढे होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढच्या बाईने थोडं सरकून मला जागा करून दिली.

आता माझ्याकडे पाहुण्यांना निरोप द्यायचं काम आहे. परवा एका इस्पितळाची माणसं आली होती. त्यांची नवी इमारत होते आहे, अकरा मजली, सहा लिफ्ट हव्या आहेत, रुग्णांच्या खाटा जातील अशा रुंद. बोलणं उत्तम झालं. हाशिगुची साहेब आणि मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. त्यांच्यातल्या वयस्क मुख्य परिचारिकेने आत शिरून दाराचं बटण दाबून धरलं आणि विचारलं, तुम्ही नाही येत खाली?

"मी जिन्याने जातो," मी म्हणालो. "तब्येतीसाठी."

"तरुण वयात चांगली सवय लावून घेतली आहे," ती म्हणाली. मग तिने माझ्या छातीवरची पाटी वाचली. "केमुरियामा-सान. विसरता यायचं नाही असं नाव आहे."

तिने बटण सोडलं. आम्ही दोघं वाकलो. पद्धत अशी आहे की दार मिटेपर्यंत वाकून राहायचं. आम्ही लिफ्ट खाली पोचल्याची घंटा ऐकू येईपर्यंत राहतो.