दिवाणाच्या पोटातले सामान

मित्रांनो, दुकानात ओळीने मांडलेले चकचकीत दिवाण तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नाही. मला एका सुताराने याच खोलीत, याच खिडकीपाशी बसून अकरा दिवसांत बनवले. त्या गोष्टीला चाळीस वर्षे होऊन गेली. म्हणजे मी जुना आहे. लांबी साडेसहा फूट, पाठ सपाट, पोट पोकळ. पाठीची फळी बिजागऱ्यांवर उघडते आणि आत अख्खा संसार मावतो. "पाहुणा वर झोपेल, त्याचं अंथरूण आत राहील," असे सुतार म्हणाला, माझ्यावर एक थाप मारली आणि हत्यारे गोळा करून निघून गेला.

माझे मालक वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू खरा आहे की खोटा, हे ते तपासत. लोक त्यांना काटेसाहेब म्हणत. खोटे बोलणे त्यांना जमतच नसे. कोणाकडे जेवायला गेले आणि भाजी खारट झाली असेल, तर यजमानीणबाईंनी विचारायच्या आत ते सांगून टाकत. त्यामुळे त्यांना जेवणाची आमंत्रणे फारशी येत नसत. मालकीण शाळेत भूगोल शिकवत. त्यांना सगळे बाई म्हणत. पण त्यांचा खरा जीव शाळेच्या नाटकांत होता. तीस वर्षे त्यांनी नाटके बसवली. लाजऱ्या मुलांना राजे केले आणि दंगेखोर मुलांना झाडे केले. झाडाला हलता येत नाही, एवढाच त्यात हेतू होता.

माझे तरुणपण चांगले गेले. मुलगा आणि मुलगी माझ्यावर झोपत, लपाछपीत माझ्या पोटात लपत. मुलगी रुसली की आत जाऊन फळी लावून घेई आणि थोड्या वेळाने गुदमरून स्वतःच बाहेर येई. येणारे-जाणारे माझ्यावर हात फिरवून म्हणत, "असं लाकूड आता बघायला मिळत नाही." मग मुले मोठी होऊन दूर गेली. माझ्या पोटात जुन्या रजया आणि एक बिघडलेला पंखा ठेवला गेला, आणि सहा वर्षे मला कोणी उघडले नाही. मला वाटले, आपणही निवृत्त झालो.

पण गेल्या वर्षी समोरच्या घरात एक गोष्ट घडली. तिथे एक हेडक्लार्क आणि त्यांची बायको राहत. बायको स्वयंपाकघरात पडली, त्याच सुमारास हेडक्लार्कांना ऐकू येईनासे झाले. त्यांचे दोन्ही मुलगे आले. अतिशय नम्र मुलगे. त्यांनी चहा घेतला, चर्चा केली आणि वडील थोरल्याकडे, आई धाकट्याकडे, असे ठरवले. त्यानंतर दोघांना एकमेकांचा आवाज फक्त फोनवर मिळणार होता. हेडक्लार्कांना ऐकू येत नव्हते, त्यामुळे तोही मिळाला नाही.

त्यांना घेऊन दोन गाड्या दोन दिशांना गेल्या तेव्हा बाई माझ्यावर बसून खिडकीतून बघत होत्या.

"आपली अशी वाटणी होऊ द्यायची नाही," त्या म्हणाल्या.

"आपली मुलं तशी नाहीत," काटेसाहेब म्हणाले.

"त्यांची तरी कुठे होती? पोरांना काही कळू द्यायचं नाही. आपण ठणठणीत आहोत."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"तुम्ही नुसतं बसा हो. बोलायचं काय ते मी बघते."

खरे काय होते तेही सांगतो. काटेसाहेबांचे गुडघे गेले होते. काठी, कमरेचा पट्टा आणि अंघोळीला बसायची प्लास्टिकची खुर्ची, यांच्याशिवाय त्यांचा दिवस सरकत नसे. बाईंचे दुखणे बाहेरून दिसत नव्हते. त्या विसरू लागल्या होत्या. दूध गॅसवर ठेवायच्या आणि कुंड्यांना पाणी घालायला जायच्या. एक कढई जळून कोळसा झाली होती. डॉक्टरांनी त्यांना निळ्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी स्वतःसाठी चिठ्ठ्या लिहून कपाटावर चिकटवल्या होत्या: 'गॅस बंद केला का?', 'आज मंगळवार', 'किल्ली पर्समध्येच आहे, शोधू नको'.

मुले येणार असा फोन आला की बाई टाळी वाजवत आणि म्हणत, "चला, रंगमंच मोकळा करा!" मग माझी फळी उघडे. काठी, पट्टा, खुर्ची, गरम पाण्याची पिशवी, गोळ्यांचा डबा, जळकी कढई, सगळ्या चिठ्ठ्या, सारे आत जाई. वर गादी, गादीवर निळी चादर. मग काटेसाहेब माझ्यावर बसत, हातात वर्तमानपत्र. त्यांना बाईंची सक्त ताकीद असे, की पाहुण्यांसमोर उठायचे नाही, उठावेच लागले तर आधी खोकायचे, म्हणजे बाई येऊन सहज हात धरतील.

पहिल्यांदा मुलगा आणि सून आले. प्रयोग उत्तम चालला होता. पण एक चूक झाली. असली चूक या दोघांनीच करावी. सगळी औषधे माझ्या पोटात, आणि मुलगा लॅपटॉप घेऊन दिवसभर माझ्या पाठीवर लोळून काम करू लागला, रात्री झोपलाही तिथेच. रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्या पाठीखाली वीतभर अंतरावर होत्या, आणि त्या काढायच्या कशा, हे आई-वडिलांना कळेना.

"अरे, जरा दूध आणतोस?" बाईंनी विचारले.

"आहे ना फ्रिजमध्ये. आत्ता बघितलं मी."

"मग पाय मोकळे करून ये."

"आई, मीटिंग चालू आहे माझी!"

दोन दिवस ती मीटिंग चालली. काटेसाहेबांच्या पायांवर सूज आली, ती त्यांनी मोज्यांत लपवली. मुलगा जाताना म्हणाला, "बाबा, उभे राहा की, फोटो काढू." काटेसाहेब उभे राहिले. फोटोत ते हसताहेत. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि ते माझ्यावर आडवे झाले, ते चौथ्या दिवशी उठले. तो फोटो मुलाने सगळ्यांना पाठवला. सगळ्यांनी अंगठा दाखवला.

मग मुलगी आपल्या छोटीला घेऊन आली. छोटी माझ्यावर उड्या मारू लागली.

"आजी, पलंगात खुळखुळ वाजतंय!"

"उंदीर असेल, बाळा," बाई पटकन म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांचे एखादे वाक्य अडले असेल, असे मला वाटत नाही.

"उंदीर? आई, तुम्ही उंदरांवर झोपता?" मुलगी ओरडली. "उठा बाबा. आत्ताच्या आत्ता साफ करते."

काटेसाहेब उठले नाहीत. माझ्यावर बसूनच जेवले, बसूनच वर्तमानपत्र तीनदा वाचले, वधूवरांच्या जाहिरातींसकट. मुलीने विनवले, मग रागावली, मग फोनवर नवऱ्याला म्हणाली, "तब्येत एकदम छान आहे दोघांची. बाबा फक्त हट्टी झालेत."

या दोन भेटींच्या मध्ये न्हाणीघरातला नळ तुटला. पाणी थेट माझ्या पायांपर्यंत आले. घरात चार गुडघे, त्यातले धड दोनच, आणि त्या दोन गुडघ्यांच्या मालकिणीला पाण्याची मुख्य चावी कुठे आहे ते आठवत नव्हते. प्लंबर आला. त्याने चावी शोधली, नळ बसवला, बाहेर पडलेली खुर्ची पाहिली, चिठ्ठ्या वाचल्या आणि पाणी पुसता पुसता म्हणाला, "आजी, मुलांना सांगा की हो."

"तू नळ बघ," बाई म्हणाल्या.

अशा रीतीने या घरात काय चालले आहे हे प्लंबरला ठाऊक होते, औषधाच्या दुकानदाराला ठाऊक होते, आणि मला. पोटची मुले तेवढी सुखात होती.

वर्ष संपता संपता मुलगा आणि मुलगी दोघेही एकदम आले. त्या भेटीसाठी बाईंनी आठवडाभर तालीम केली होती. प्रयोग इतका रंगला की काय सांगू! काटेसाहेब काठीशिवाय दारापर्यंत गेले. बाईंनी सगळ्यांच्या वाढदिवसाच्या तारखा घडाघडा म्हणून दाखवल्या. त्या त्यांनी सकाळीच तळहातावर लिहिल्या होत्या.

चहा झाल्यावर मुलगा म्हणाला, "खरं सांगू? तुम्हाला बघून आमचं टेन्शनच गेलं. मग असं करू या. आमचं बाळ येतंय दोन महिन्यांनी, आणि तुझ्या सुनेला लगेच कामावर जायचंय. आई, तू आमच्याकडे ये. एक वर्ष धर."

"आणि हे?" बाईंनी विचारले.

"बाबांना काय धाड भरलीये? डबा लावू. मी येऊन जाईन ना मधूनमधून."

"वर्षानंतर माझ्याकडे हं," मुलगी म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर दादा आईला सोडायचा नाही."

बाईंना पुढचे वाक्य सुचले नाही.

काटेसाहेब खोकले नाहीत. माझी कड धरून उठले, गादी ओढून खाली टाकली आणि माझी फळी उघडली. मग एकेक वस्तू काढून फरशीवर मांडली, दुकानातली वजने जप्त करताना मांडत तशी, ओळीने.

"हे सगळं माझं आहे," ते म्हणाले. "मला चालता येत नाही. मला आठवत नाही. ही कढई मी जाळली. या चिठ्ठ्या ती माझ्यासाठी लिहून ठेवते. ती गेली तर माझं काही खरं नाही."

आपण आजारी ठरलो की बाईंना इथे राहावेच लागेल, असा त्यांचा हिशेब होता. जन्मभरात त्यांनी पहिल्यांदाच खोटे माप टाकले होते.

मुलगी रडू लागली. खरेच रडली. मित्रांनो, ही मुले वाईट नव्हती, हे लक्षात ठेवा.

"खोटं बोलतायत ते!" बाई म्हणाल्या. "निम्मं माझं आहे. विसरते मी. दूध माझ्या हातून उतू जातं. गोळ्या माझ्या आहेत."

मुलीने त्यांना मिठी मारली. "आई, पुरे गं. अजून किती पाठीशी घालणार आहेस त्यांना?"

"अगं, खरंच—"

"आई," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आयुष्यात कधी खोटं बोललेत का बाबा?"

वर्षभर बाईंनी जे जे खोटे सांगितले ते सगळ्यांना पटले होते. आता खरे सांगत होत्या, तर मुले त्यांच्या त्यागाचे कौतुक करत होती.

पुढचे दोन दिवस फोन चालले. गावाबाहेर एक संस्था होती. खोली हवेशीर, परिचारिका चोवीस तास, पायऱ्यांऐवजी उतार. काटेसाहेब तिथे जाणार होते. बाई मुलाकडे. "तुला आता आराम मिळेल," मुलगा म्हणाला. त्या आरामाचे दोन महिन्यांनी वजन तीन किलो भरणार होते आणि तो दर दोन तासांनी रडणार होता.

माझ्या पोटातले सगळे सामान मुलीने वडिलांच्या बॅगेत भरले. काटेसाहेब बघत होते. "त्या निळ्या गोळ्या तिच्या आहेत," ते म्हणाले. "तिला दे. सकाळी एक, संध्याकाळी एक. नाहीतर ती गॅस चालू ठेवील, ऐक माझं."

मुलगी डोळे पुसत भावाला म्हणाली, "बघ ना दादा, आता स्वतःच्या गोळ्याही ओळखत नाहीत."

आणि बॅगेची चेन लावली.

निघायच्या दिवशी सकाळी दोघे माझ्यावर शेजारी शेजारी बसले होते. अंगावर चांगले कपडे. बाईंनी खिडकीतून उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या.

"अहो, दोन गाड्या कशाला? आपण एकाच गाडीत ना?"

काटेसाहेबांनी त्यांची पर्स उचलून त्यांच्या हातात दिली.

"हो," ते म्हणाले. "तू पुढे जाऊन बस. मी आलोच."

बाई गेल्या. त्यांनी जाताना मागे वळून पाहिले नाही, कारण मागे वळून बघण्यासारखे काही घडते आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हते.

आता घर बंद असते. किल्ली प्लंबरकडे आहे. तो महिन्यातून एकदा नळ बघून जातो आणि माझ्यावर बसून डबा खातो. वाळवीचे औषध मारा, ओल्या फडक्याने पुसू नका, असे काहीबाही मी शेवटी मागावे, अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझे बरे चालले आहे. माझ्यावर वजन नाही आणि पोटात काही नाही.

तुम्ही मोठे व्हाल, दूर जाल आणि सुट्टी काढून घरी भेटायला याल. आल्या आल्या 'तब्येत कशी आहे?' असे विचारू नका. त्याचे उत्तर पाठ करून ठेवलेले असते. ठरलेल्या मुक्कामापुरते कोणीही निभावून नेते. तुम्ही एक दिवस जास्त राहा. बॅग भरून झाल्यावर राहा. काही काम नसताना, लॅपटॉप मिटून राहा. त्या दिवशी पाठांतर संपलेले असते, गुडघा ऐकत नाही, आणि गॅसवरचे दूध उतू जात असताना तुम्ही शेजारीच उभे असता. कोणाचे काय दुखते आहे, हे तेव्हा कोणाला सांगावे लागत नाही.

आमच्या घरी तेवढा एक दिवस कोणी राहिले नाही.