उठलं तर न्याले या

मनोहररावांच्या अंगावर पित्त उठत होतं, आणि ते कशानं उठतं हे त्यांच्याखेरीज सगळ्या नागपूरला माहीत होतं. ऑफिसातले हेडक्लार्क म्हणत, चहानं. शेजारच्या इंदूबाई म्हणत, विहिरीच्या जड पाण्यानं. कोणी म्हणे, धोबी कॉलरवर बिब्ब्यानं खूण करतो, तोच बिब्बा उतत असणार. पण मनोहररावांचे कपडे त्यांची बायको गोपिकाबाई घरीच धूत, त्यामुळे धोबी बिचारा वाचला.

ही गोष्ट नागपूरच्या नंदनवन वस्तीत घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते तेव्हाची. मनोहररावांचं घर दोन खोल्यांचं. मुलगी तारा लग्न होऊन अकोल्याला गेलेली, घरात नवराबायको दोघंच. दिवे लागायच्या सुमारास मनोहररावांच्या मानेवर सुरसुर सुरू व्हायची. मग पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर लाल गांधी उठायच्या, एकीत दुसरी मिसळून भाकरीएवढ्या व्हायच्या, आणि अशी खाज सुटायची की सरकारी नोकरीतला हा अब्रूदार माणूस दाराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासत उभा राहायचा. सकाळी अंग स्वच्छ. डॉक्टरकडे जावं तर दाखवायला काही नाही. कधी कधी महिनाभर काहीच नसायचं. मनोहरराव ‘सुटलो बुवा’ म्हणायचे आणि त्याच संध्याकाळी मानेवर सुरसुर.

उठलं की गोपिकाबाई हातातलं काम टाकून यायच्या. मनोहरराव सदरा काढून बाजेवर पाठमोरे बसायचे. बाई आधी घोंगडीच्या तुकड्यानं पाठ घासायच्या, मग गेरू उगाळून लावायच्या. गेरू फासलेले मनोहरराव पोळ्याच्या बैलासारखे दिसायचे, आणि बाई तसं त्यांना तोंडावर सांगायच्याही.

“वर. जरासं वर,” मनोहरराव म्हणायचे. “आता डावीकडे.”

तेवढ्या वेळात मग दिवसभराचं बोलणं व्हायचं. ताराचं पत्र आलं का, ऑफिसात कोण कोणाशी भांडलं, इंदूबाईंच्या घरी कोण पाहुणे आले. एरवी मनोहरराव घुम्या स्वभावाचे. जेवताना बोलायचे नाहीत, झोपताना तर नाहीच. पण पाठ खाजवून घेताना घुमं राहणं कोणालाच जमत नाही.

शेवटी धंतोलीतल्या एका कातडीच्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, “तुमच्या घरात असं काहीतरी आहे, जे तुम्हाला सोसत नाही. एकेक गोष्ट बंद करा आणि बघा.”

झालं. घरात बंदीहुकूम सुरू झाला. बेसन गेलं, म्हणजे झुणका गेला. वांगं गेलं. जवसाची चटणी गेली. अंघोळीचा साबण बदलला, लोकरीचा स्वेटर ट्रंकेत गेला. दारातली कण्हेर मुळासकट उपटली. बाईंच्या पायात घोटाळणारं मांजर पिशवीत घालून बाजारात सोडलं, ते आपलं आपण परत आलं आणि इंदूबाईंकडे राहू लागलं. तुरीचं वरणसुद्धा गेलं, तेव्हा तर मनोहररावांना जगण्यात राम वाटेना. पित्त मात्र उठत राहिलं.

अशात एका रविवारी गावातल्या महाल भागातून यमुताई आल्या. यमुताई मनोहररावांच्या थोरल्या बहीण. कोणत्याही गोष्टीचा निकाल लावल्याशिवाय त्या चहाचा कप खाली ठेवत नसत.

“मनोहर, तू चांद्याले ऑडिटले गेला होता, तवा उठलं होतं का गा?”

“नाई.”

“ताराकडे जाऊन राह्यला होता, तवा?”

“नाई.”

“दोन्ही डाव एकटाच गेला होता ना?”

“हौ.”

“मंग आता घरातली एकच चीज राह्यली बाप्पा,” यमुताई म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

गोपिकाबाई तिथंच शेगडीपाशी भाकरी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण तव्यावरची भाकरी करपली, आणि त्या घरात भाकरी करपल्याचं मनोहररावांना आठवत नव्हतं. त्या वेळी त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. ‘काहीही काय बोलतं ताई’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण गृहस्थ चांद्याची आणि अकोल्याची आठवण करत बसले, आणि ताईंचं म्हणणं बरोबरच निघत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवी भरली. त्यांचं माहेर भिवापूरचं. भाऊ रूपराव मिरचीची शेती करायचा.

“दादाकडे मिरची निघाली हाय,” बाई म्हणाल्या. “देठं मोडाले बाया भेटून नाई राह्यल्या म्हणे. मी जाऊन येते.”

“कधी येशीन?”

बाई पिशवीचे बंद उगीचच पुन्हा बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, “अंगावर उठलं तर न्याले या.”

नाही उठलं तर काय, ते त्या बोलल्या नाहीत आणि मनोहररावांनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी उठलं नाही. मनोहररावांना गाढ झोप लागली आणि सकाळी जाग आल्यावर त्या झोपेची लाज वाटली. दुसऱ्या संध्याकाळीही मान थंड. सवयीनं ते सदरा काढून बाजेवर पाठमोरे बसले. मागं कोणी नव्हतं. ऑफिसात हेडक्लार्कांचं दोघांशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते कोणाला सांगावं हे त्यांना कळेना. भांडण पोटातच राहिलं.

आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. अंग कसं नवरदेवासारखं! मनोहरराव आरशासमोर उभे राहून मान वळवून वळवून पाहायचे आणि हिरमुसायचे. रोगानं गांजलेला माणूस रोगाची अशी वाट पाहताना कोणी पाहिला नसेल. शेवटी ते बाजारात गेले आणि बेसन आणि वांगी घेऊन आले. झुणका केला, तो कच्चा राहिला, तरी खाल्ला. जुना साबण काढला. फाल्गुनाचं ऊन तापायला लागलेलं असताना लोकरीचा स्वेटर घालून बसले. इंदूबाईंकडून मांजर मागून आणलं आणि छातीवर घेऊन झोपले. मांजरानं बोचकारलं, तेवढा एक ओरखडा सोडला तर कातडीवर ठिपका नाही.

यमुताई आल्या आणि भावाचा दंड उलटासुलटा करून पाहू लागल्या. “पाह्य! मी म्हणत नव्हती? राहू दे तिले तिकडेच थोडे दिवस. भावाचं घर हाय, परकं नाई काही.”

मनोहररावांना आयुष्यात पहिल्यांदा बहिणीचा राग आला. त्याहून राग आपल्या कातडीचा आला. ताईंचं खोटं असावं असं त्यांना वाटत होतं, आणि खोटं कुठं आहे ते दाखवता येत नव्हतं. गोपिकानं आपलं काय वाईट केलं? मग आपल्या अंगाला तिचं वावडं का असावं? आणि तसं असेल, तर ती नसताना घर इतकं का खायला उठावं? डोकं अगदी भंजाळून गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात रजा टाकली आणि भिवापूरची एस.टी. धरली.

वाटेवरचं उमरेड यायच्या आत त्यांनी बाह्या वर केल्या आणि खाजवायला सुरुवात केली. खाज नव्हतीच. तरी मनोहरराव मनगटापासून खांद्यापर्यंत नखं ओढत राहिले, आधी डावा हात, मग उजवा. मग मान. शेजारी बसलेला माणूस त्यांच्याकडे एकदा पाहून उठला आणि मागं जाऊन उभा राहिला. भिवापूर आलं तेव्हा दोन्ही हात लालेलाल झाले होते. मनोहररावांना जरा बरं वाटलं.

रूपरावांच्या अंगणात मिरचीचे ढीग लागले होते आणि तोंडाला पदर बांधून बाया देठं मोडत होत्या. गोपिकाबाई त्यांच्यातच होत्या. मनोहररावांनी वहाणा काढायच्या आधीच हात पुढं केले आणि मोठ्यानं सांगितलं, “उठलं!”

“या भाऊजी, बसा,” म्हणत रूपरावांनी लगबगीनं त्यांच्यासाठी ढिगाजवळच पोतं अंथरलं. मनोहरराव बसले न बसले तोच एका बाईनं टोपलं ढिगावर पालथं केलं. मिरचीची धूळ उडाली आणि ती त्यांच्या सोललेल्या हातांवर बसली. पुढं काय झालं ते सांगायला नको. मनोहररावांनी जी बोंब मारली ती वेशीपर्यंत गेली असेल.

गोपिकाबाईंनी त्यांना ओढतच परसात नेलं. वाटीभर तेल आणलं आणि हातांवर ओतलं. तेल चोळता चोळता त्या थांबल्या. हात उजेडात धरून त्यांनी निरखून पाहिला.

“हे नखाचं हाय.”

“नाई वं. उठलं होतं. भल्लं उठलं होतं.”

“मले शिकवता? तुमची गांध मी डोळे मिटून ओळखते.” बाईंनी मागून त्यांचा सदरा वर केला. पाठ कोरी होती. तिथं हात पोचत नाही, हे एस.टी.त मनोहररावांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाईंनी सदरा खाली सोडला. “तिकडे एकडाव बी नाई उठलं?”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “नाई,” मनोहरराव म्हणाले. “बेसन खाल्लं. वांगं खाल्लं. मांजर अंगावर घेऊन झोपलो. नाई उठलं.”

गोपिकाबाई तिथंच दगडावर बसल्या. “मंग मीच हाय ते. ताईचं बराबर होतं. मंग न्याले काहून आले?”

“मले काही समजून नाई राह्यलं,” मनोहरराव म्हणाले. हात भगभगत होते, डोळ्यांना धार लागली होती, आणि घुमा माणूस एकदम बोलायला लागला होता. “खरंच नाई समजत वं. तू असली का खाज येते. नसली का खाज येत नाई, पण मंग घरात बसवत नाई, जेववत नाई, कोणाशी बोलवत नाई. हे काय हाय मले सांग. खाजेले गेरू तरी हाय. याले काय लावू?”

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग खालमानेनं म्हणाल्या, “एक सांगते, रागावू नोका. मी इथं रोज मारुतीले हात जोडून राह्यली होती. म्हटलं, उठू दे बाप्पा त्याइले. एकच गांध उठू दे. नवऱ्याले रोग व्हावा म्हून कोणी बाई हात जोडते का? मलेच माही लाज वाटे.” त्यांनी गुंडाळलेला पदर सोडला. “पण मले घरी याचं होतं.”

मनोहरराव रडले. त्यांनी ते लपवलं नाही आणि मिरचीवर ढकललंही नाही.

दुपारच्या एस.टी.नं दोघं निघाले. बाई खिडकीशी, मनोहरराव त्यांच्या शेजारी, मांडीवर रूपरावांनी दिलेल्या मिरचीची पिशवी. उमरेड मागं पडलं आणि ऊन उतरायला लागलं, तशी मानेवर ओळखीची सुरसुर झाली. मिरचीची असेल, एस.टी.च्या सीटची असेल, नाहीतर शेजारी बसलेल्या बाईची. मनोहररावांना काही सांगता आलं नसतं. ते गप्प बसून राहिले, फक्त पाठ सीटवर दाबून धरली. सांगावं तर ती मधेच उतरून परत जायची, याची त्यांना धास्ती वाटली. सुरसुर मानेवरून पाठीवर उतरली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

गोपिकाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. तशाच पाहत राहून त्यांनी हात मागं नेला आणि सदऱ्याच्या आत घातला. बोटांना गांध लागली. हात क्षणभर थबकला, पण बाहेर आला नाही.

“वर, का डावीकडे?” त्यांनी विचारलं.