सकाळची बाटली

वहिनीला दिवस गेले आणि उलट्या आईला व्हायला लागल्या. "सुनेला आराम आणि सासूला डोहाळे," दादा म्हणायचा. आम्ही हसून लोळायचो. आई ताट सरकवून उठून जायची.

मी प्रयोगशाळेत लघवी तपासते. ऐकून लोक नाक मुरडतात, मुरडोत बापडे. गर्भारपणाच्या सुरुवातीला बाईच्या लघवीत काही द्रव्यं उतरतात. त्यांचं प्रमाण फार बिघडलेलं दिसलं, तर बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता वाढते. शक्यताच, खात्री नाही. हे मी रोज घसा कोरडा करून सांगते आणि रोज लोक फक्त अर्धंच ऐकतात.

वहिनीची बाटली मीच नेणार हे ओघानं आलं. ती उठल्या उठल्या बाटली भरून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवायची आणि पुन्हा आडवी व्हायची. मी निघताना बाटली उचलायचे.

मशीननं आकडा दाखवला, तो भलताच वर. मशीन धुतलं, पुन्हा लावलं, आकडा तोच. दुसऱ्या सकाळची बाटली तपासली, तर तो आणखी वर. इतका वर गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

घरी सांगावंच लागलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपली.

"उद्या संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ आणि मोकळे होऊ," दादा म्हणाला.

"अरे, पुढची तपासणी तरी करा. खात्री नाहीये अजून."

"आकडा तुझ्याच मशीनचा ना?"

मला भयंकर राग आला. आई दारात उभी होती. तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते, वहिनी धरते तसेच. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई प्रयोगशाळेत आली. आजवर कधी तिनं इथं पाऊल टाकलं नव्हतं. मशीनकडे बघत म्हणाली, "हे चुकत असेल ना गं?"

"सारखं सारखं नाही चुकत, आई."

ती स्टुलावर बसली. "तिची मी ओतून द्यायचे. बाटलीत माझी भरायचे."

माझं डोकंच फिरलं. "कशासाठी?"

"वाईट काही आलं तर तुम्ही पोर ठेवणार नाही. म्हटलं, माझं म्हातारीचं स्वच्छ येईल."

म्हणजे वहिनीच्या बाळाची तपासणी अजून झालीच नव्हती. मला हसूच आलं. दादाला फोन लावला, "कुठेही जाऊ नका, बाटली चुकली होती," एवढंच सांगितलं आणि ठेवला. मग हसू जिथल्या तिथं थांबलं. आईच्या वयाच्या बाईची बाटली होती, तर मशीननं जवळजवळ काहीच दाखवायला नको होतं.

मागे मशीन गुरगुरत होतं. आईनं माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत काहीतरी टणक होतं, मुठीएवढं.

"वाढतंय ते," ती कुजबुजली. "रात्री हलल्यासारखं वाटतं. लाज वाटली सांगायला. तुझे बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, मग हे आत कोण आहे?"

गर्भाचं सोंग घेऊन वाढणाऱ्या गाठी असतात, हे मी शिकले होते. हात काढून घ्यावासा वाटत होता, पण तिनं तो घट्ट धरला होता.

"कोणी नाही, आई," मी म्हटलं. "गाठ असण्याची शक्यता आहे. खात्री नाही."

"बरं," ती म्हणाली आणि माझा हात हळूच थोपटू लागली, आतल्याला निजवावं तसा.